पंधरा सेंटिमीटरचा सूर्य

पहिल्याच दिवशी आयपीस वितळला.

दुर्बीण लहानच होती. सत्तर मिलिमीटरचं वस्तुभिंग आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतर. एवढ्याशा भिंगातून सूर्याची ऊर्जा जाऊन जाऊन किती जाणार, असा माझा समज. हिशोब नंतर केला. भर उन्हात जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट पडतात, त्यातले माझ्या भिंगाच्या वाट्याला जेमतेम चार. पण हे चार वॅट नाभीजवळ साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात गोळा होतात, म्हणजे तिथलं ऊन बाहेरच्या उन्हाच्या शंभराहून जास्त पट. दुर्बिणीबरोबर आलेल्या आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या नळीच्या, आतलं कडं प्लॅस्टिकचं होतं. मी कागदावर सूर्य आणायच्या खटपटीत असताना आधी जळका वास आला आणि मग कागदावरच्या सूर्याला एक बाजू वितळल्यासारखी दिसू लागली. क्षणभर मला वाटलं, काहीतरी भलतंच दृश्य हाती लागलंय.

ठरवलं होतं ते इतकंच: रोज एक चित्र काढायचं आणि सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते आपल्या हातांनी मोजायचं. उत्तर पाठ होतंच, पंचवीस दिवस. पाठ असलेला आकडा आपल्या पेन्सिलीतून येतो का, एवढंच बघायचं होतं. २०२३चा नोव्हेंबर होता आणि पंचविसावं सौरचक्र, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-ओसरण्याचं आवर्तन, जोरात होतं, त्यामुळे ज्यांच्या सरकण्यावरून फिरणं मोजायचं त्या डागांचा तुटवडा नव्हता.

आयपीस बदलला. जुन्या पद्धतीचा, दोन साध्या भिंगांचा, न चिकटवलेला घेतला. चिकटवलेल्या भिंगांमधला डिंकही उष्णतेनं खराब होतो, हे तोवर वाचून झालं होतं. शोधक दुर्बीण, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, सरळ काढून ठेवली, कारण तिची टोपी लावायची विसरल्याची खूण शर्टाच्या बाहीवर भोकाच्या रूपात होती. दुर्बीण सूर्यावर रोखायची ती तिच्या सावलीकडे बघत: नळीची सावली लहान होत होत नुसती गोल उरली की सूर्य नळीत आलाच. डोळा लावायचा नाही, एकदाही नाही, गंमत म्हणूनही नाही. आयपीसमागे एक पांढरा पुठ्ठा, त्याच्या सावलीसाठी नळीभोवती दुसरा काळा पुठ्ठा, आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर आधीच आखलेलं १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. पुठ्ठा मागेपुढे करून सूर्य त्या वर्तुळात नेमका बसवायचा.

खरा सूर्य १३ लाख ९२ हजार किलोमीटर रुंद. माझ्या पुठ्ठ्यावर त्याचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ९३०० किलोमीटर. त्या मापानं पृथ्वी दीड मिलिमीटरहूनही बारीक, पेन्सिलीच्या टोकाएवढी. मी पहिला ठळक डाग रंगवला तो तीन मिलिमीटरचा झाला, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे यात दोन पृथ्व्या शेजारी शेजारी मावतील?" मावतील. मग तिनंच विचारलं, "पण हा डाग सूर्यावरच आहे कशावरून? भिंगावरची धूळ असेल तर?"

प्रश्न इतका रास्त होता की मी त्या दिवशीचं चित्र अर्धवट सोडलं. मग आयपीस हातानं फिरवून पाहिला. चार "डाग" त्याच्याबरोबर गोल फिरले, म्हणजे ती धूळ. पाच जागच्या जागी राहिले. त्या दिवसापासून चित्र सुरू करण्याआधी आयपीस एकदा फिरवायचा, हा नेम झाला.

पहिल्या अकरा चित्रांचं पुढे काहीच झालं नाही. त्यांत डाग उजवीकडून येऊन डावीकडे जात होते आणि मी उत्तर वर, पूर्व डावीकडे असं लिहून मोकळा झालो होतो. सूर्यावरचे डाग आपल्याला पूर्वेच्या कडेकडून पश्चिमेच्या कडेकडे सरकताना दिसतात, माझे उलटे चालले होते. दोष नळीच्या टोकाला लावलेल्या वळणाच्या आरशाचा होता. त्यानं दिशा बदलल्या होत्या. आरसा काढला, आणि दिशा गृहीत धरायच्या नाहीत, रोज तपासायच्या असं ठरवलं. तपासणी सोपी आहे. दुर्बीण स्थिर सोडली की आकाशाच्या फिरण्यानं सूर्य कागदावरून सरकू लागतो, दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा. जी कड आधी वर्तुळाबाहेर जाते ती पश्चिम. एखादा बारीक डाग ज्या रेषेवरून सरकतो ती पूर्व-पश्चिम रेषा. ती पेन्सिलीनं आखायची आणि मगच डागांना हात लावायचा.

पण ही रेषा आपल्या आकाशाची, सूर्याची नव्हे. सूर्याचा अक्ष आकाशातल्या उत्तर दिशेपासून वर्षभरात दोन्ही बाजूंना सव्वीस अंशांपर्यंत कललेला दिसतो, आणि त्याचा ध्रुव आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर सव्वासात अंशांपर्यंत झुकतो. रोजचे कोन पंचांगासारख्या तक्त्यांत मिळतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र तो झुकाव शून्याच्या आसपास असतो. तेव्हा डागांच्या वाटा सरळ रेषेत जातात, एरवी त्या धनुष्यासारख्या वाकतात. माझं पहिलं खरं मोजमाप डिसेंबरच्या सुरुवातीला झालं हे निव्वळ नशीब. त्यामुळे एका गुंतागुंतीतून वाचलो.

डाग चांगला होता. एकटा, वाटोळा, मध्ये काळा गाभा, भोवती करडी झालर. फार भांडखोर गट निवडू नये, त्यांचा आकार रोज बदलतो आणि काल मोजलेलं टोक आज कुठलं ते कळत नाही. हा मात्र शांत. अक्षांश सुमारे १० अंश उत्तर. पहिल्या दिवशी तो सूर्याच्या मध्यरेषेपासून पूर्वेला ५५ मिलिमीटरवर होता. बरोबर सात दिवसांनी पश्चिमेला ५२ मिलिमीटरवर. मधले दोन दिवस ढगांनी खाल्ले, पण टोकं हाती होती.

सात दिवसांत १०७ मिलिमीटर. म्हणजे दिवसाला १५.३. त्या अक्षांशावर सूर्याची रुंदी १४८ मिलिमीटर, ती पार करायला पावणेदहा दिवस, मागची बाजू धरून दुप्पट. उत्तर आलं साडेएकोणीस दिवस.

पंचविसाच्या जागी साडेएकोणीस. मी दोन संध्याकाळी मोजपट्टीवर संशय घेण्यात घालवल्या. वर्तुळाचा व्यास पुन्हा मोजला, तारखा मोजल्या. चूक डोळ्यांसमोर होती. सूर्य थाळी नाही, गोळा आहे. मधोमध असलेला डाग आपल्यासमोरून आडवा जातो, म्हणून झपझप सरकताना दिसतो. कडेजवळचा डाग बराचसा आपल्या दिशेनं किंवा आपल्यापासून दूर जात असतो, म्हणून तो रेंगाळल्यासारखा वाटतो. मी मधला वेग घेऊन तोच कडेपर्यंत ताणला होता.

गंमत अशी की माझी चूक ज्यात होती तोच चारशे वर्षांपूर्वीच्या वादातला पुरावा. क्रिस्टोफ शायनर या जर्मन खगोलनिरीक्षकाला सुरुवातीला वाटत होतं की हे डाग म्हणजे सूर्यासमोरून जाणारे छोटे ग्रह. गॅलिलिओनं १६१२मध्ये रोजची चित्रं काढली, तीही अशीच पडद्यावर, ही युक्ती त्याच्या बेनेदेत्तो कास्तेल्ली या शिष्याची. डाग कडेला हळू सरकतात आणि तिथे चपटे दिसतात. सूर्यापासून दूर फिरणारा ग्रह असं करणार नाही, पृष्ठभागाला चिकटलेली गोष्टच करील. माझ्या कागदावरही तो वाटोळा डाग कडेला गेल्यावर उभी फट झाला होता. मी ती इमानदारीनं काढलीही होती. वाचली मात्र नव्हती.

मग हिशोब कोनांत केला. ५५ला त्या अक्षांशावरच्या त्रिज्येनं, म्हणजे ७३.९नं, भागलं की कोनाची ज्या (साइन) मिळते, तिच्यावरून रेखांश ४८.१ अंश पूर्व. तसाच दुसरा ४४.७ अंश पश्चिम. सात दिवसांत ९२.८ अंश, दिवसाला १३.२६. पूर्ण फेरी २७.१५ दिवसांत.

आता पंचवीसही नाही आणि साडेएकोणीसही नाही. पण या खेपेला मी घाबरलो नाही, कारण कारण माहीत होतं. डाग फिरत असताना मी ज्या पृथ्वीवर बसलो होतो तीही त्याच दिशेनं सूर्याभोवती पुढे सरकत होती, दिवसाला साधारण एक अंश. डागाला मला पुन्हा गाठायला थोडं जास्त फिरावं लागतं. ते वजा केलं की ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी येते: २५.३ दिवस. आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. खरं सांगायचं तर तीन मारल्या.

इथे थांबलो असतो तर काम झालं होतं. पण रोज सकाळी, जमीन तापून हवा थरथरायला लागायच्या आधी, वीस मिनिटं पुठ्ठ्यासमोर बसायची सवय लागली होती. आणि चित्र काढताना माणूस फोटोपेक्षा जास्त बघतो, असं माझं मत झालंय. कड मधल्या भागापेक्षा मंद असते हे मी शंभर फोटोंत पाहूनही पाहिलं नव्हतं. मध्यभागी नजर खोलवरच्या, जास्त तापलेल्या थरापर्यंत पोचते, कडेला ती तिरपी जाऊन वरच्या, थोड्या थंड थरातच अडकते. कडेजवळ त्या मंद पार्श्वभूमीवर फिकट, उजळ शिरा दिसतात, त्यांना फॅक्युली म्हणतात. त्या पेन्सिलीनं दाखवायच्या कशा हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. पांढऱ्या कागदावर पांढरं कसं काढणार?

डाग काळा दिसतो, पण काळा नसतो. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग ५५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, डागाचा गाभा त्याहून दीडेक हजार अंशांनी थंड, काही वेळा आणखी थंड. प्रकाश तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे घटतो, म्हणून गाभ्यातून शेजारच्या मानानं चौथा-पाचवा हिस्साच प्रकाश येतो आणि डोळा त्याला काळा ठरवतो. थंडीचं कारण चुंबकत्व. जॉर्ज एलरी हेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं १९०८मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत डागांच्या वर्णपटातल्या रेषा फाटलेल्या पाहिल्या आणि तिथे तीव्र चुंबकीय क्षेत्र असल्याचं दाखवलं. हे क्षेत्र खालून उकळत वर येणाऱ्या वायूला अडवतं. उष्णता वर पोचत नाही आणि तेवढा तुकडा मंदावतो.

फेब्रुवारीत एक डाग मिळाला उत्तरेला २७ अंशांवर. इतक्या वर एकटा, नीट वाटोळा डाग क्वचितच मिळतो. आता ध्रुवाचा झुकाव साडेसहा अंशांहून जास्त होता, नुसत्या मोजपट्टीनं भागणार नव्हतं. अक्षांश-रेखांशाच्या वाकलेल्या रेषा छापलेली स्टोनीहर्स्ट जाळी पारदर्शक कागदावर छापून घेतली आणि चित्रावर ठेवली. सहा दिवसांचं मोजमाप. उत्तर: दिवसाला १२.६ अंश. फेरी साडेअठ्ठावीस दिवसांची.

पहिल्या डागापेक्षा जवळपास दीड दिवस जास्त. माझी पहिली प्रतिक्रिया आनंदाची, दुसरी संशयाची. पेन्सिलीची जाडी, हवेची थरथर आणि जाळी बसवण्यातली तिरपाई धरून प्रत्येक जागेत अंशभर चूक सहज होते. सहा दिवसांत ती दिवसाला पाव अंशाहून थोडी कमी पडते. फरक होता ०.६६ अंशाचा. चुकीपेक्षा मोठा, पण छाती ठोकून सांगावा इतका नाही. म्हणून एप्रिलपर्यंत आणखी पाच डाग मोजले, वेगवेगळ्या अक्षांशांवरचे. आलेखावर सात टिंबं. विषुववृत्ताजवळची वर, ध्रुवाकडची खाली. एक टिंब रांगेबाहेर बसलं, ते मी खोडलं नाही. बाकीची उतरती होती यात शंका उरली नाही.

म्हणजे सूर्य किती दिवसांत फिरतो या प्रश्नाला एक उत्तरच नाही. विषुववृत्त साधारण पंचवीस दिवसांत, ध्रुवांकडचा भाग पस्तीसच्या घरात. घन गोळ्याला हे शक्य नाही, तो भेगाळून जाईल. सूर्य वायूचा आहे, हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण ते मला पहिल्यांदा कळलं ते त्या सात टिंबांवरून. रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्लिश खगोलनिरीक्षकानं १८५३ ते १८६१ अशी आठ वर्षं डागांच्या जागा मोजून हेच दाखवलं. तोही पडद्यावर सूर्य पाडून काढत असे. १ सप्टेंबर १८५९ला तसाच बसलेला असताना एका डागगटावर दोन झगझगीत ठिणग्या उजळून काही मिनिटांत विझताना त्याला दिसल्या. ती मानवानं नोंदवलेली पहिली सौरज्वाला. पाऊण दिवसानं पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. माझ्या सहा महिन्यांत पुठ्ठ्यावर अशी एकही ठिणगी दिसली नाही. पांढऱ्या प्रकाशात दिसावी इतकी जोरदार ज्वाला दुर्मीळ, आणि ती नेमक्या आपल्या वीस मिनिटांत यायला हवी.

आतलं परिवलन डागांवरून कळत नाही. ते सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचेक मिनिटांच्या थरथरीवरून, म्हणजे आतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींवरून काढतात. त्यातून दिसतं की ही वेगाची ओढाताण वरच्या सुमारे तीस टक्के थरात, जिथे वायू उकळत वर-खाली होतो, तिथे आहे. त्याखालचा भाग जवळजवळ एकसंध फिरतो. विषुववृत्त पुढे धावतं, ध्रुव मागे राहतात, आणि चुंबकीय रेषा सूर्याभोवती दोऱ्यासारख्या गुंडाळल्या जातात, ताणल्या जातात, कुठे कुठे पृष्ठभाग फोडून बाहेर येतात. बाहेर येतात तिथे डाग. हे वाचलं आणि वही पुन्हा उघडून बघितली. मी ज्या खुणांच्या आधारानं वेगातला फरक मोजत होतो, त्या खुणा तो फरक होता म्हणून तिथे होत्या. सूर्य एकसंध फिरत असता तर मोजायला कदाचित माझ्या कागदावर काही आलंच नसतं.

मग मे २०२४ आला. पूर्वेच्या कडेवरून दक्षिण गोलार्धात एक गट आत आला आणि दिवसागणिक पसरत गेला. क्रमांक ३६६४. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पृथ्वीच्या पंधरापट लांब होता आणि ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय, काळ्या ओरखड्यासारखा दिसत होता. त्याचं चित्र काढायला मला वीस मिनिटांऐवजी सव्वा तास लागला, आणि तोवर सुरुवातीला काढलेला भाग मला चुकीचा वाटायला लागला. १० आणि ११ मेच्या रात्री दोन दशकांतलं सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झालं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशातही लाल झाक टिपली गेली. १४ मेच्या सुमारास गट पश्चिमेच्या कडेआड गेला.

त्याच संध्याकाळी मी आलेखावरून त्याच्या अक्षांशाचा वेग काढला. गट ८ मेच्या आसपास मध्यरेषेवर होता, फेरी साडेसत्तावीस दिवसांची, म्हणून पुन्हा मध्यरेषेवर ४ जून. तारीख वहीत पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत एक वेगळा हिशोब केला. गट ऐन भरात असताना माझ्या चित्रात त्यानं सुमारे साठ चौरस मिलिमीटर जागा घेतली होती. अख्ख्या सूर्याची जागा १७,६७१. म्हणजे हजारात साडेतीन भाग, त्यातही बराचसा भाग झालरीचा, जी फारशी मंद नसते. सूर्य दुरून कुठूनतरी नुसता ताऱ्यासारखा दिसत असता तर एवढ्या राक्षसी गटामुळे त्याचा प्रकाश हजारात एखाद्याच भागानं उतरला असता. ताऱ्यांच्या बाबतीत आपल्याजवळ एवढंच असतं: एक ठिपका आणि त्याची चढउतार. २००९मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीनं हजारो ताऱ्यांची अशी चढउतार टिपली. तीच खाच ठरावीक दिवसांनी परत आली की तो त्या ताऱ्याच्या परिवलनाचा काळ. तरुण तारे झरझर फिरतात, त्यांच्यावरचे डाग अफाट मोठे असतात आणि प्रकाश काही टक्क्यांनीही हलतो. वय वाढतं तसा चुंबकीय वारा त्यांचा वेग काढून घेतो. म्हणूनच परिवलनावरून ताऱ्याचं वय अंदाजता येतं. आणि एक उलटी गोष्ट: डाग सर्वांत जास्त असतात त्या वर्षांत सूर्य सरासरीनं किंचित जास्त तेजस्वी असतो, साधारण हजारात एका भागानं. मला कागदावर काढता न आलेल्या त्या पांढऱ्या शिरा डागांनी अडवलेल्या प्रकाशापेक्षा जास्त देतात.

मेच्या अखेरीस पूर्वेच्या कडेवर पुन्हा काळपट फट दिसली. गट परतला होता, पंधरवडाभर मागच्या बाजूला राहून, आता ३६९७ या नव्या क्रमांकानं. पूर्वीचा पसारा उरला नव्हता. मुलगी म्हणाली, "हा तोच आहे?" मी तिला पानाच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली.

४ जूनला सकाळी आभाळ भरलेलं होतं. साडेनऊच्या सुमारास चारेक मिनिटं फट मिळाली. पूर्व-पश्चिम रेषा आखायला वेळ नव्हता, ती आदल्या दिवशीचीच घेतली आणि गटाच्या मधोमध एक टिंब ठेवलं. आत येऊन जाळी लावली. टिंब मध्यरेषेपासून पूर्वेला चार मिलिमीटरवर बसलं. चार मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन अंश, वेळेत सांगायचं तर पाच-सहा तास. ही चूक रेषेची, माझ्या वेगाची, की गटाचा मध्य कुठला हे ठरवण्याची, हे मुलीला पटेल असं मला सांगता येईना. तिनं टिंबाशेजारी "तोच" असं लिहिलं आणि तारीख घातली.